सणासुदीत घरच्या कुत्र्याची व्यवस्था : पोळ्यापासून शिमग्यापर्यंत

पोळा जवळ आला म्हणजे ज्या घरांत कुत्रे पाळलेले आहे त्या घरांतून दरवर्षी तेच ते प्रश्न विचारले जाऊ लागतात, आणि शिमग्याची धुळवड उरकेपर्यंत ते थांबत नाहीत. पुरणपोळीचा घास कुत्र्याला द्यावा की न द्यावा? फटाक्यांना भिऊन ते पलंगाखाली दडले तर त्याला जवळ घ्यावे की त्याच्याकडे दुर्लक्ष करावे? भाऊबीजेनंतर मंडईला घरातली सगळीच माणसे जातात, तेव्हा त्याला बरोबर न्यावे, अंगणात बांधावे की घरात कोंडावे? कोणी मध्यरात्री सुतळी बॉम्ब उडवू लागला तर तक्रार कोणाकडे करावी? या प्रश्नांना जो तो आपापल्या समजुतीप्रमाणे उत्तर देतो, ती उत्तरे परस्परविरोधी असतात, आणि त्या गोंधळात निर्णय लांबणीवर पडून शेवटी ऐन सणाच्या सायंकाळी घाईघाईने घेतला जातो. म्हणून सालेकसा तालुक्यातील सणांचा क्रम, येथले रान आणि येथली धानाची शेती ध्यानात घेऊन आपण काय करावे व काय टाळावे, याची संगतवार मांडणी पुढे केली आहे.

आपल्या परंपरेने कुत्र्याला सणाबाहेर ठेवलेले नाही. दत्तमूर्तीच्या पायाशी चार श्वान असतात, पितृपंधरवड्यात काकबळीबरोबर श्वानाचाही घास निघतो, आणि नेपाळात तर तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावून व हार घालून त्यांची पूजा केली जाते. हा मान देताना एवढे मात्र जाणून घ्यावे की, गर्दी, वाजंत्री आणि दारूकाम यांच्यापासून मनुष्याला जो उल्हास प्राप्त होतो तो कुत्र्याला होत नाही. वेळेवर अन्न, सकाळ-संध्याकाळची फेरी, ओळखीच्या माणसाचा सहवास आणि निवांत झोप हा त्याचा नित्यक्रम सणाच्या दिवशीही अबाधित राहिला, की त्याचा सण साजरा झाला असे समजावे. पुढील सर्व सूचना याच एका तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

पहिला निर्णय : कुत्रे कोठे राहणार?

प्रत्येक सणापूर्वी हा प्रश्न घरातल्या सर्वांनी मिळून सोडवावा आणि त्याची जबाबदारी एका प्रौढ व्यक्तीकडे नावानिशी सोपवावी. कारण जे काम सर्वांचे असते ते सणाच्या धांदलीत कोणाचेच राहत नाही. आपल्यापुढे तीन मार्ग असतात.

- घरातच, माणसांच्या संगतीत. स्वभावाने शांत, पाहुण्यांची सवय असलेल्या कुत्र्यासाठी हा मार्ग योग्य. मात्र त्याला केव्हाही उठून जाता येईल अशी एक मोकळी खोली किंवा कोपरा राखून ठेवावा, आणि तेथे मुलांना जाण्याची मुभा नसावी.
- बंद खोलीत, सोबतीसह. भित्र्या, म्हाताऱ्या, आजारी किंवा नुकत्याच व्यालेल्या कुत्रीसाठी हाच मार्ग उत्तम. खोली शक्यतो घराच्या मध्यभागातील असावी, रस्त्याकडची नसावी.
- परिचिताच्या घरी. घर पाहुण्यांनी भरून जाणार असेल किंवा आपण परगावी जाणार असाल, तर कुत्र्याला ज्याची ओळख आहे अशा आप्ताकडे त्याला सणाच्या दोन-तीन दिवस आधीच पोचवावे, म्हणजे नव्या जागेची सवय होण्यास अवधी मिळतो.

चौथा मार्ग, अर्थात कुत्र्याला अंगणात साखळीने बांधून सर्वांनी निघून जाणे, हा आपल्या भागात सर्वाधिक प्रचलित आहे आणि तोच सर्वाधिक घातक आहे. घाबरलेले कुत्रे साखळीला हिसके देऊन गळफास लावून घेते; शिवाय ज्या तालुक्यात रान वस्तीला लागून आहे तेथे रात्री उघड्यावर बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला आयती शिकार होय. रात्री कुत्रे भिंतीच्या आत, कडी घातलेल्या दाराआडच असावे.

सणाच्या पंधरा दिवस आधी करावयाची तजवीज

- रेबीजची लस दिलेली आहे काय आणि तिची मुदत केव्हा संपते, हे दाखल्यावरून तपासावे. पहिली लस पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे, सामान्यतः दरवर्षी, द्यावयाची असते.
- गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक न पुसला जाईल अशा रीतीने लिहावा, आणि कुत्र्याचे अलीकडचे स्पष्ट छायाचित्र जवळ ठेवावे. हरवलेले कुत्रे परत मिळण्यास या दोन गोष्टींचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचाही होत नाही.
- कुंपण, फाटक आणि परसदार यांतील फटी बुजवाव्यात.
- जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना सणाच्या सुट्टीत उघडा राहणार काय, नसल्यास कोणास बोलवावे, याची आगाऊ चौकशी करावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. ही सेवा मुख्यतः शेतकऱ्यांच्या पशुधनासाठी असल्याने कुत्र्यासाठी ती मिळेल काय, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.
- ज्या कुत्र्याला गेल्या दिवाळीत अतिशय त्रास झाला असेल त्याच्याविषयी पशुवैद्यकांशी आताच बोलावे. भीती शमविणारी औषधे असतात, परंतु त्यांचे प्रमाण वजन व प्रकृती पाहूनच ठरते. माणसांच्या झोपेच्या गोळ्या देणे हा जीवघेणा प्रमाद होय.

पोळा, तान्हा पोळा आणि कर

आखरावर तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात तेव्हा वाजंत्रीने बैल आधीच बिथरलेले असतात, आणि त्यांच्या पायांत कुत्रे शिरले तर लाथ कुत्र्याला बसते व धावपळीत इजा माणसांना होते. यास्तव पोळा फुटून बैल घरोघरी परतेपर्यंत कुत्रे घरातच ठेवावे. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी घेऊन दारोदार येतात; त्या वेळी दारातले कुत्रे, ते कितीही गरीब असले तरी, आत घ्यावे.

या सणाशी निगडित असलेले, पण सहसा ध्यानात न येणारे, तीन धोके असे :

- गोचिडाचे औषध. पोळ्यापूर्वी बैलांना धुऊन गोचिडांचे औषध लावण्याचा प्रघात आहे. तेच औषध त्याच प्रमाणात कुत्र्यावर ओतू नये, आणि औषध लावलेले बैलाचे अंग किंवा त्या पाण्याचे डबके कुत्र्याला चाटू देऊ नये. गुरांसाठी असलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचणे हाही असाच घातक प्रकार आहे. काही जातींच्या कुत्र्यांना ते मुळीच सोसत नाही.
- धानावरची फवारणी. हे दिवस धानावर कीटकनाशक मारण्याचे आणि बांधांवर उंदरांचे औषध ठेवण्याचे असतात. कुत्र्याला बांध्यांतून मोकळे फिरू देऊ नये.
- करीच्या दिवसाची हाडे. दुसऱ्या दिवशी घरोघरी मांसाहार होतो आणि पत्रावळी उकिरड्यावर जातात. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार किरच्या घशात किंवा आतड्यात रुततात. हाडे झाकणाच्या भांड्यात जमवून पुरून टाकावीत.

पंगतीतले काय द्यावे, काय देऊ नये

सणाच्या दिवशी कुत्र्याला विषबाधा किंवा अतिसार होतो तो पुष्कळदा एकाच कारणाने : घरातील प्रत्येकजण प्रेमाने एकेक घास देतो आणि एकूण किती झाले हे कोणालाच ठाऊक नसते. पितृपंधरवड्यात तर गल्लीतल्या प्रत्येक घरातून खीर-वड्यांचा घास येतो. म्हणून घास एकाच व्यक्तीने, एकदाच द्यावा.

*मुळीच देऊ नयेत असे पदार्थ :*

- द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि ते घातलेला शिरा, खीर वा लाडू. यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि अमुक प्रमाण निर्धोक आहे असे सांगता येत नाही.
- चॉकलेट. जितके काळे व कडू, तितके अधिक विषारी.
- कांदा व लसूण, कच्चे असोत वा रश्श्यात शिजलेले. यांनी रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो.
- साखरविरहित म्हणून विकली जाणारी मिठाई व च्युइंगम. त्यांत झायलिटॉल असल्यास कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते.
- करंजी, चकली, वडे यांसारखे तळीव पदार्थ आणि तुपाने थबथबलेली पुरणपोळी. पोळीचा नखाएवढा तुकडा पोटात गेला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु ताटभर गोड-तळीव खाल्ल्याने स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रे दगावू शकते.
- मद्य, भांग आणि मोहफुलांचा सडवा.

*निर्धास्तपणे देता येतील असे :* मीठ-मसाल्याविना शिजवलेला भात किंवा कण्या, उकडलेले अंडे, हाडे पूर्ण काढलेले उकडलेले कोंबडीचे मांस, उकडलेला लाल भोपळा, गाजर, आणि लक्ष्मीपूजनाच्या लाह्यांतील मूठभर साध्या लाह्या. नैवेद्याच्या ताटातले काढून ठेवायचेच असेल, तर मीठ व तूप घालण्यापूर्वी त्याचा वाटा वेगळा काढावा. असा वाटा काढल्याने आपली भावनाही राखली जाते आणि त्याची प्रकृतीही.

पूजेच्या फुलांपैकी तांबडी वा पिवळी कण्हेर आणि महाशिवरात्रीचा धोत्रा ही विषारी आहेत. निर्माल्य कुत्र्याच्या तोंडी लागेल अशा जागी टाकू नये, आणि त्याला हार घालावयाचाच असेल तर झेंडूचा, तोही आपल्या नजरेसमोर घटकाभर.

दिवाळी आणि फटाके

मनुष्याला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. त्याचे कान आपल्याहून तीक्ष्ण असल्यामुळे जो आवाज आपल्याला केवळ मोठा वाटतो तो त्याला असह्य होतो. धाप, लाळ, थरथर, पायांत घातलेले शेपूट, सारखी येरझार, अन्नाकडे पाठ ही भीतीची लक्षणे आहेत. यांना हट्ट समजून कुत्र्याला मारू नये.

क्रम असा ठेवावा :

1. सूर्यास्तापूर्वी लांब फेरी उरकावी, तीही साखळीनेच. मोकळे सोडलेले कुत्रे एका फटाक्यासरशी उधळते, आणि सालेकशात मुंबई-हावडा लोहमार्ग वस्तीलगत आहे हे विसरू नये.
2. जेवण नेहमीपेक्षा तासभर आधी द्यावे. पाणी भरपूर ठेवावे.
3. काळोख पडण्यापूर्वी खोलीची दारे-खिडक्या लावून पडदे ओढावेत, आणि पंखा, रेडिओ किंवा दूरदर्शन संच मध्यम आवाजात चालू ठेवावा. त्याचे नेहमीचे अंथरूण व आपले एखादे वापरलेले वस्त्र तेथे असावे.
4. त्याने दडण्यासाठी जी जागा निवडली असेल तेथून त्याला ओढून काढू नये.
5. जवळ आले तर निःसंकोचपणे थोपटावे. धीर दिल्याने भीती वाढते ही समजूत खोटी आहे. भीती ही भावना आहे, ती लाडाने शिकविली जात नाही.
6. पणत्या, विजेच्या माळा, रांगोळीचे रंग आणि तेलाने भिजलेल्या वाती त्याच्या तोंडापासून दूर ठेवाव्यात. वात गिळली तर आतडे अडते; माळेची तार चावली तर विजेचा धक्का बसतो.
7. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातील अर्धवट जळालेले फटाके वेचल्यावरच कुत्र्याला बाहेर सोडावे. दारूत विषारी क्षार असतात.

फटाक्यांचा आवाज ध्वनिमुद्रित स्वरूपात अगदी हळू ऐकवून, बरोबर खाऊ देऊन, दिवसागणिक किंचित वाढवीत नेल्यास भय पुष्कळ कमी होते. परंतु या अभ्यासास काही आठवडे लागतात, म्हणून त्याचा आरंभ दसऱ्यापूर्वीच करावा.

दिवाळीचे दिवस हेच धान पिकून उभे असण्याचे व कापणीचे दिवस. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही शेतकरी कुंपणाच्या तारेत वीजप्रवाह सोडतात. हे बेकायदेशीर आहे आणि त्याने माणसेही दगावतात. फटाक्यांना भिऊन शेताकडे पळालेले कुत्रे अशा तारेला लागून मरते. आपले कुत्रे रात्री हरवले तर त्याचा शोध घेताना आपणही त्या तारांपासून सावध असावे आणि अंधारात बांध ओलांडू नये.

गायगोधन, मंडई, कचारगड आणि प्रवास

बलिप्रतिपदेला गोवारी बांधवांच्या ढालीसह गायगोधन निघते, आणि भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होऊन रात्र रात्र दंडारी व नाटके रंगतात. यांपैकी कोठेही कुत्रे बरोबर नेण्याचे प्रयोजन नाही. घरातील सर्वांनी एकाच रात्री बाहेर न जाता पाळीने जावे. ते शक्य नसेल तर शेजाऱ्याकडे किल्ली देऊन मध्यंतरी एकदा पाहून जाण्यास सांगावे.

माघ पौर्णिमेस कचारगडाच्या गुहेत कोया पुनेम मानणारे आदिवासी बांधव अनेक राज्यांतून दर्शनास येतात. तो मार्ग अरण्यातून जातो, गर्दी अफाट असते, आणि श्रद्धास्थानाचे पावित्र्य राखणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असते. तेथे कुत्रे नेऊ नये. हाजरा धबधब्यासारख्या वनातील स्थळी सणाच्या सुट्टीत सहलीस जातानाही हाच नियम पाळावा. कुत्रे वन्य प्राण्याच्या मागे लागले तर त्याच्या जिवास अपाय होतो आणि आपल्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जबाबदारी येऊ शकते.

नवरात्रात डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनास आगगाडीने जाताना कुत्रे बरोबर असावे काय, असे काहीजण विचारतात. रेल्वेच्या नियमांप्रमाणे द्वितीय श्रेणी, शयनयान, वातानुकूलित द्विस्तरीय-त्रिस्तरीय वा खुर्चीयान यांत कुत्रे नेता येत नाही. संपूर्ण कक्ष आपल्याच नावे राखून घेतला असल्यास प्रथम श्रेणीत, अन्यथा गार्डाच्या डब्यातील पेटीतून, शुल्क भरून व लसीकरणाचे दाखले दाखवून ते नेता येते. यात्रेच्या गर्दीत हे दोन्ही मार्ग त्याला त्रासदायक असल्याने त्याला घरी ठेवणेच श्रेयस्कर.

शिमगा : रंग, भांग आणि मोह

- कुत्र्याला रंग लावू नये, मुलांनाही लावू देऊ नये. भुकटी श्वासावाटे फुप्फुसात जाते, आणि अंगावरचा रंग ते चाटून पोटात घेते. नैसर्गिक म्हणून विकला जाणारा रंगही याला अपवाद समजू नये.
- रंग लागलाच तर कोरडा असताना झटकून मग कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा स्पिरिट कदापि वापरू नये.
- भांग पोटात गेल्यास कुत्रे झोकांड्या खाते, सुस्त होते, त्याचा लघवीवरचा ताबा जातो. अशा वेळी ओशाळून सत्य लपवू नये. काय व किती खाल्ले हे पशुवैद्यकांना स्पष्ट सांगितले तरच उपचार होतो.
- मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचून अंगणात वाळत घातलेली असतात. साठवणीत आंबलेली फुले आणि सडवा यांत मद्यार्क असतो. दोन्ही झाकून ठेवावीत.

पाहुणे आणि मुले

पाहुणे आल्या आल्या कुत्र्याला पुढे करू नये. मंडळी बसून स्थिरावल्यावर, साखळीसह, क्षणभर भेट घडवावी. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला मुलांनी हात लावू नये, हे आल्याबरोबर मुलांच्या वडीलधाऱ्यांसमक्ष सांगावे. लहान मूल आणि कुत्रे यांना, त्यांची कितीही मैत्री असली तरी, प्रौढ व्यक्तीवाचून एका खोलीत ठेवू नये.

कुत्र्याने चावा घेतला किंवा ओरखडा काढला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद लावू नये. आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जावे. कुत्रे आपलेच आहे व त्याला लस दिली आहे, या कारणाने डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर त्यावर उपाय नाही. लक्षणांपूर्वीची लस हाच उपाय आहे.

आणीबाणीच्या प्रसंगी

- विषबाधा : मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, दूध-तूप ओतू नये. पदार्थाचे वेष्टन व खाल्ल्याची वेळ यांची नोंद घेऊन तत्काळ पशुवैद्यकांस गाठावे.
- भाजणे : दहा-पंधरा मिनिटे थंड पाण्याची धार धरावी. बर्फ, टूथपेस्ट, शाई वर्ज्य.
- झटके : तोंडात काही घालू नये, भोवतालच्या वस्तू दूर करून वेळ मोजावी.
- विजेचा धक्का : आधी प्रवाह बंद करावा, मगच स्पर्श करावा.
- वेदना : पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारख्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याला विषासमान आहेत.

आपले हक्क आणि आपली जबाबदारी

- सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयानुसार दिवाळीत फटाके उडविण्यास रात्री ८ ते १० एवढीच मुभा आहे आणि लडींवर बंदी आहे. फुटण्याच्या ठिकाणापासून चार मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणारे फटाके नियमबाह्य आहेत.
- ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांवर निर्बंध आहेत. तक्रार ११२ क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात करावी; स्थळ, वेळ आणि शक्य असल्यास चित्रमुद्रण द्यावे.
- कुत्र्याच्या शेपटीला फटाका बांधणे, त्याला मारहाण करणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ खाली अपराध आहे. त्यातील पहिल्या अपराधाचा दंड अवघा १० ते ५० रुपये असला, तरी प्राण्यास ठार मारणे, विष देणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणून फिर्याद देताना इजा झाली असल्यास पशुवैद्यकांचा दाखला जोडावा आणि कलम ३२५ चा उल्लेख आग्रहाने करवून घ्यावा.
- हक्काबरोबर जबाबदारीही येते. पाळीव प्राण्यापासून माणसास धोका होऊ नये याविषयी हयगय करणाऱ्या मालकास त्याच संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सणाच्या गर्दीत मोकळे सोडलेले कुत्रे कोणास चावले, तर ‘ते घाबरले होते’ हा बचाव पुरेसा ठरत नाही.

फिर्यादीपूर्वी शेजाऱ्याशी सणाच्या चार दिवस आधी सौजन्याने बोलून पाहावे. घरात भित्रे कुत्रे आहे, म्हातारे माणूस आहे, तान्हे मूल आहे, म्हणून मोठ्या आवाजाचे फटाके आपण सगळे मिळून गावाबाहेरच्या मोकळ्या जागी व ठरलेल्या वेळेत उडवू, असे सांगितल्यास बहुतेक माणसे ऐकतात. पंचायतीच्या किंवा उत्सव मंडळाच्या सभेत हाच ठराव मांडला तर त्याला अधिक वजन येते.

वर्षभर जो आपल्या दाराची राखण करतो त्याची राखण वर्षातील पाच-सहा रात्री आपण करावयाची आहे. त्यासाठी द्रव्य फारसे लागत नाही, अगोदर केलेला विचार लागतो. तेव्हा येत्या सणापूर्वी घरातील सर्वांना एकत्र बसवावे, कुत्र्याची खोली व त्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती ठरवावी, आणि लसीचा दाखला आजच काढून पाहावा, एवढी आपणांस कळकळीची विनंती आहे.